अठरा देशांची फौज, पण हाक कुणाची ऐकायची?



रात्रीच्या बातम्यांत एक वाक्य अधूनमधून कानावर पडतं. कुठल्यातरी देशात यादवी पेटलेली असते, पडद्यावर धूर दिसत असतो आणि निवेदक सांगतो, ‘तिथे बहुराष्ट्रीय फौज पाठवण्याची मागणी होत आहे.’ जेवता जेवता आजोबा विचारतात, ‘एवढे मोठे मोठे देश आहेत, मग पाठवत का नाहीत?’ नातीचा प्रश्न वेगळाच असतो, ‘सगळ्या देशांच्या सैनिकांचा युनिफॉर्म एकच असतो का?’ तेवढ्यात जाहिराती लागतात आणि दोन्ही प्रश्न ताटाशेजारी तसेच राहतात.

आज या दोन प्रश्नांबद्दल बोलूया. आधी नातीचं उत्तर, कारण ते सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत प्रत्येक जवान आपल्याच देशाचा गणवेश घालतो. सारखी असते ती निळी टोपी किंवा निळं हेल्मेट आणि दंडावरचं संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह. म्हणजे डोकं एक, अंग वेगवेगळं. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच दडलेलं आहे, पण ते उलगडायला जरा वेळ लागेल.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा आहे असं वाटतं ना? मलाही तसंच वाटायचं. मी इंग्रजी साहित्य शिकलेली, लष्करातलं मला कळतं ते वाचून आणि विचारून. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की ही गोष्ट आपल्या बंगळुरूतून, कोल्हापुरातून, बेळगावातून आणि पुण्यातून जाते.

एक कुर्गचा, एक कोल्हापूरचा

बंगळुरूत राहणाऱ्यांना रिचमंड रोड माहीत असतोच. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव आहे जनरल के. एस. थिमय्या रोड. थिमय्या मूळचे कुर्गचे, जन्म मडिकेरीचा, १९०६ चा. काही काळ शिकले इथल्याच बिशप कॉटन शाळेत. पुढे ते भारताचे लष्करप्रमुख झाले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी परक्या देशांत काय केलं, हे तेवढं ठाऊक नसतं.

दुसरं नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूरकडचे. लष्करात त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणूनच ओळखत. जन्म त्यांचाही १९०६ चाच.

हे दोघे १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर, कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये होते. दोघे आपापल्या पलटणीचे प्रमुख. त्या काळी भारतीय अधिकाऱ्याच्या हाती अख्खी पलटण देणं हीच मोठी गोष्ट होती, आणि या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर भारतीय अधिकारी होते. तिसरे एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं.

आठ वर्षांनी, १९५३ मध्ये, या दोघांची गाठ पुन्हा एका अवघड कामावर पडली. २७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं, पण हजारो युद्धकैद्यांचा प्रश्न अडला होता. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. तेव्हा पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्ष झाले थिमय्या. कैद्यांच्या छावण्या सांभाळायला जे सुमारे सहा हजार जवान गेले, ते सगळे भारताचे. त्यांचे प्रमुख होते थोरात.

आता अडचण बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सांगितलं, की भारतीय सैनिकांचा पाय आमच्या जमिनीवर पडता कामा नये. मग काय करायचं? आपले जवान बोटीने इंचॉन बंदरापर्यंत गेले आणि तिथून अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. शांतता राखायला बोलावलेल्या पाहुण्याला अंगणातून चालायचीही परवानगी नाही, अशी ती गत!

छावण्यांमधलं वातावरण तापलेलं होतं. एकदा एका भारतीय मेजरला कैद्यांनी कुंपणाआड धरून ठेवलं. बाहेर बंदुका होत्या, गोळीबार करता आला असता. पण किती माणसं मेली असती आणि आयोगाचं काम तिथेच बुडालं असतं. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आणलं. अखेर आयोगाचं काम संपलं तेव्हा कुठल्याच बाजूकडे जायचं नाही म्हणणारे ८८ कैदी भारतीय फौजेबरोबर इथे आले.

हे काम का जमलं? माझ्या मते एक कारण आपण सहज विसरतो. वरचा आणि खालचा अधिकारी एकमेकांना आधीपासून ओळखत होते, चिखलात आणि गोळीबारात ओळखत होते. पाच देशांच्या आयोगात वाद होत राहिले, पण हुकूम देणारा आणि तो पाळणारा यांच्यात शंका नव्हती.

थिमय्या निवृत्तीनंतर पुन्हा बाहेर गेले, १९६४ मध्ये सायप्रसला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून. तिथे कॅनडा, आयर्लंड, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड अशा कितीतरी देशांचे सैनिक त्यांच्या हाताखाली होते. डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच, कामावर असताना, त्यांचं निधन झालं. त्यांचा देह बंगळुरूला आणून इथेच दफन केला. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. सायप्रसमधली ती शांतिसेना आजही तिथे आहे. धावत जाणं एक वेळ जमतं, परत येणं मात्र कितीतरी अवघड असतं, हेही यातून कळतं.

मग वेळ जातो कुठे?

आजोबांचा प्रश्न इथे पुन्हा घेऊ. पाठवत का नाहीत?

पहिली गोष्ट, संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची अशी फौज नाही. एकही पलटण नाही. प्रत्येक वेळी सुरक्षा परिषदेत ठराव व्हावा लागतो. मग देशांना विचारायचं, ‘तुम्ही किती जवान देता?’ प्रत्येक देश आपल्या मंत्रिमंडळाला विचारणार, काही ठिकाणी संसदेला. मग विमानं आणि बोटी कुणाच्या, हे ठरणार. मग प्रमुख कुणाचा, यावर बोलणी. आणि शेवटी सगळ्यात नाजूक मुद्दा: तिथे पोहोचल्यावर गोळी कधी झाडायची? फक्त स्वतःवर हल्ला झाला तर, की समोर गावकऱ्यांना मारत असतील तरीही?

आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, ते तुम्हाला आठवत असेल. कृष्णा महाराष्ट्रातून कर्नाटकात जाते. अलमट्टी धरणातून किती पाणी सोडायचं, यावर दोन राज्यांत बोलणी चालली होती आणि इकडे पाणी चढत होतं. देश एक, नदी एक, तरी मेळ बसवताना नाकी नऊ आले. त्यानंतरच्या पावसाळ्यांत एनडीआरएफच्या तुकड्या आधीच नेऊन ठेवायची पद्धत रुळली आणि दोन राज्यांचे अधिकारी पाऊस सुरू होण्याआधी बोलू लागले. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

आता हेच अठरा किंवा तीस देशांच्या बाबतीत कल्पून बघा.

१९९४ मध्ये रवांडात हे कल्पावं लागलं नाही, ते घडलं. एप्रिलमध्ये तिथे कत्तल सुरू झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक तिथे होते. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली फौज काढून घेतली. सुरक्षा परिषदेने उरलेली संख्या २७० पर्यंत खाली आणायचं ठरवलं. त्यांचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमिओ डॅलेर, कुमक मागत होते. मे महिन्यात परिषदेने मत बदललं आणि साडेपाच हजार सैनिक मंजूर केले. पण ते सैनिक द्यायला देशांना जवळजवळ सहा महिने लागले. कत्तल चालली होती सुमारे शंभर दिवस. त्यात आठ लाखांच्या आसपास माणसं गेली.

म्हणजे फौज कागदावर आली तेव्हा अजून माणसं वाचवता येत होती. फौज जमिनीवर आली तेव्हा वाचवायला फार कुणी उरलं नव्हतं.

बेळगावच्या रेजिमेंटचा अधिकारी, सारायेवोत

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, बेळगाव या भागांतल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर या रेजिमेंटमधल्या कुणाचा तरी फोटो असतो. या रेजिमेंटचे एक अधिकारी लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. नाव मल्याळी, पलटण मराठा. १९७१ च्या युद्धात त्यांना वीरचक्र मिळालं होतं.

मार्च १९९२ मध्ये ते युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले प्रमुख झाले. फौजेचं काम होतं क्रोएशियात, पण मुख्यालय ठेवलं शेजारच्या बोस्नियातल्या सारायेवोत, कारण ते शहर शांत आहे असं मानलं गेलं होतं. एप्रिल उजाडला आणि सारायेवोतच युद्ध पेटलं. ज्या शहरात शांतिसेनेने आपलं कार्यालय मांडलं, त्याच शहराला वेढा पडला आणि तो जवळजवळ चार वर्षं चालला.

विचार करा, तुम्ही त्या खुर्चीवर आहात. हाताखाली वेगवेगळ्या देशांचे हजारो सैनिक. प्रत्येक तुकडीला दोन मालक: एक तुम्ही, दुसरं तिचं मायदेशातलं सरकार. तुम्ही म्हणता, ‘ही तुकडी त्या पुलावर न्या.’ तुकडीचा प्रमुख म्हणतो, ‘आधी राजधानीला विचारतो.’ शांतिसेनांच्या इतिहासात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. नंबियार वर्षभर तिथे होते आणि मार्च १९९३ मध्ये परतले.

ते परतल्यानंतर काय झालं ते सांगायला हवं. १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने बोस्नियातली काही शहरं ‘सुरक्षित क्षेत्रं’ जाहीर केली. ती खरोखर सुरक्षित ठेवायची तर सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी दिला होता. देशांनी मंजूर केले सुमारे ७,६००. नाव मात्र ‘सुरक्षित’ हेच राहिलं. जुलै १९९५ मध्ये त्यातलंच एक शहर, स्रेब्रेनित्सा, पडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले.

घराला कुलूप लावलंय असं सांगायचं आणि कडीसुद्धा घालायची नाही, त्यापेक्षा ‘कुलूप नाही’ हे सांगणं बरं. निदान माणसं वेळेवर पळून तरी जातील.

जमलं तेव्हा कसं जमलं?

सगळंच निराशेचं नाही हं. सन २००० ची गोष्ट ऐका. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. मे महिन्यात तिथल्या बंडखोरांनी कैलाहून या गावात गोरखा पलटणीच्या दोनशेहून जास्त जवानांना घेरलं. आपले जवान शरण गेले नाहीत. वेढा अडीच महिने चालला. बोलणी थकली तेव्हा जुलैच्या मध्यावर ‘ऑपरेशन खुकरी’ झालं. भारतीय पलटणी आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर्स पुढे होती, घाना आणि नायजेरियाच्या तुकड्यांनी मागची बाजू सांभाळली, ब्रिटनने आपली मोठी चिनूक हेलिकॉप्टर्स दिली. घेरलेले जवान बाहेर आले.

इथे काय वेगळं होतं? हेतू एका ओळीत सांगता येत होता: आपली माणसं बाहेर काढायची. हुकूम देणारा एक होता. आणि ज्याने जे काम घेतलं ते त्याला झेपणारं होतं.

त्याआधीचं, १९८८ चं मालदीव तर आणखी वेगवान होतं. ३ नोव्हेंबरच्या पहाटे भाडोत्री सैनिकांनी माले शहरात उठाव केला. मालदीवच्या अध्यक्षांनी मदतीची हाक दिली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी जवान दोन हजार किलोमीटरहून लांब, हुलहुले विमानतळावर उतरले. याचं नाव ‘ऑपरेशन कॅक्टस’. या पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आता आपल्या बंगळुरूतच आहे. पण मालदीवला गेलेली फौज एकाच देशाची होती, म्हणून परवानगीही एकाच ठिकाणी मागायची होती.

मग एकाच मोठ्या देशाने धावून जावं, हेच बरं का? थांबा, त्यालाही दुसरी बाजू आहे. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात महागाईवरून दंगे उसळले. तिथल्या अध्यक्षांनी रशियाच्या पुढाकारातल्या लष्करी गटाला बोलावलं आणि दोन-तीन दिवसांत सैनिक पोहोचले. दोन आठवड्यांच्या आत परतही गेले. वेग वाखाणण्यासारखा. पण ही फौज लोकांना वाचवायला आली होती की सरकारला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आणि आपणही १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली होती. शांतता राखायला गेलेली ती फौज लढाईत ओढली गेली, १९९० मध्ये परत आली, तोवर अकराशेहून जास्त भारतीय जवान गेले होते. लवकर पोहोचणं आणि योग्य काम घेऊन पोहोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युरोपाचं उदाहरण याच्या अगदी उलट. युरोपीय संघाने प्रत्येकी सुमारे दीड हजार सैनिकांचे ‘बॅटलग्रुप’ तयार केले. जानेवारी २००७ पासून ते सज्ज आहेत, दहा दिवसांच्या आत निघू शकतील असे. इतक्या वर्षांत एकदाही पाठवले गेले नाहीत. प्रत्येक वेळी कुठला ना कुठला देश म्हणाला, आता नको. आणि खर्चाचा मोठा वाटा ज्याचे सैनिक त्याच्याच माथी. २०२२ मध्ये संघाने पाच हजारांची नवी तुकडी उभारायचं ठरवलं. सैनिक वाढवता येतात, पण ‘हो’ म्हणायची तयारी कुठून आणायची?

पुण्याच्या औंधमध्ये काय चालतं?

औंध म्हटलं की तुम्हाला मॉल आणि वाहतूक आठवत असेल. तिथेच लष्कराचा मोठा तळ आहे. मार्च २०१६ मध्ये तिथे ‘फोर्स १८’ नावाचा सराव झाला. आग्नेय आशियातले दहा देश, शिवाय जपान, चीन, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि यजमान भारत. एरवी एकमेकांकडे डोळे वटारणारे देश एका मैदानावर! विषय दोन: शांतिसेनेचं काम आणि जमिनीत पेरलेले सुरुंग काढणं. भारताच्या चाळीस जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं. अठरा तुकड्यांच्या प्रमुखांमध्ये त्या एकट्या महिला. त्याआधी त्यांनी काँगोत शांतिसेनेचं काम केलं होतं. पुढे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पत्रकारांना माहिती देताना देशाने ज्यांना पाहिलं, त्या याच.

औंधमध्येच आफ्रिकी देशांबरोबर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सराव झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या ‘बिमस्टेक’ देशांचाही झाला. त्या वेळी एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा ती कुणाला गंमत वाटली नसणार. नेपाळने ऐनवेळी तुकडी पाठवायला नकार दिला आणि फक्त निरीक्षक पाठवले. नुसत्या सरावालासुद्धा घरातला ‘हो’ लागतो, हे त्यातून दिसलं.

सरावाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एकमेकांचे वायरलेस सेट जुळतात का, नकाशा सगळे एकाच पद्धतीने वाचतात का, ‘थांबा’ म्हटल्यावर समोरचा थांबतो की आधी वरिष्ठांना फोन लावतो, हे शांततेच्या दिवसांतच कळतं. आणि माणसं एकमेकांना ओळखू लागतात. थिमय्या-थोरातांना जी ओळख ब्रह्मदेशच्या लढाईने दिली, ती आजच्या अधिकाऱ्यांना औंधच्या मैदानावर मिळाली तर ते स्वस्तच पडलं म्हणायचं.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हे दिसलं. आपल्याच तमिळनाडूत आणि अंदमान-निकोबारमध्ये हाहाकार उडाला होता, तरी भारतीय नौदलाची जहाजं काही तासांतच श्रीलंकेकडे निघाली, मग मालदीव आणि इंडोनेशियाकडे. ‘घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं’ असं म्हणून आपण गप्प बसलो नाही. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी मिळून मदतीचा मेळ घालणारा गट केला, जानेवारीच्या सुरुवातीला काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवलं आणि गट मोडला. काम ठरलेलं, मुदत थोडी, आणि नौदलांना आधीच्या सरावांमुळे एकमेकांची सवय. म्हणून पटकन जमलं.

जाणारा मुलगा कुणाचा असतो?

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले. गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. त्या ४६ जणांना किंवा त्यांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं, की हे युद्ध तुमचं आहे का.

आज परिस्थिती वेगळी आहे. भारताने आजवर अडीच लाखांहून जास्त जवान शांतिसेनेत पाठवले आणि त्यातले सुमारे १८० जण परत आले नाहीत. इतके जवान दुसऱ्या कुठल्याही देशाने या कामात गमावलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला, २००३ मध्ये इराकमध्ये फौज पाठवा अशी अमेरिकेची विनंती आली, तेव्हा सरकारने त्या जुलैमध्ये नकार दिला. कारण दिलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही. हा नकार आणि ते १८० जवान, दोन्ही एकत्र ठेवून बघा. धावून जाणं मोठेपणाचं आहे, आणि कुणाच्याही हाकेला न धावणं हेही शहाणपणाचं आहे. पाठवायचं की नाही, हे आपल्या लोकांनी निवडलेल्या सरकारने ठरवायचं. यात वेळ जातो, हे खरंच. पण तो प्रश्न विचारणं सोडलं, तर आपण पुन्हा अपशिंगेच्या १९१४ मध्ये जाऊन बसू.

मग वेळ वाचवायचा कुठे? संकट येण्याआधी. कुणाची विमानं, कुणाचा प्रमुख, गोळी कधी, पैसे कुणाचे, ही बोलणी आग लागण्याआधी उरकता येतात. मग ऐनवेळी एकच प्रश्न उरतो: जायचं की नाही?

पुढच्या वेळी बातमी लागली की

तर आजोबांना काय सांगाल? पुढच्या वेळी ‘बहुराष्ट्रीय फौज’ हे शब्द ऐकू आले, की घरात तीन प्रश्न विचारून बघा. मुलांनाही सामील करून घ्या, त्यांना हे छान जमतं.

पहिला, या फौजेला नेमकं काय करायचंय, ते एका वाक्यात सांगता येतंय का? ‘शांतता आणायची’ हे पुरेसं नाही. ‘विमानतळ उघडा ठेवायचा’, ‘अडकलेली माणसं बाहेर काढायची’, हे चालेल.

दुसरा, हुकूम कुणाचा? एकाचा, की प्रत्येक तुकडी आपल्या राजधानीला फोन लावणार?

तिसरा, जेवढं काम सांगितलंय तेवढी माणसं दिलीत का? की ३४,००० च्या जागी ७,६००?

तिन्ही उत्तरं नीट मिळाली, तर ती फौज काहीतरी करून येईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. एकही मिळालं नाही, तर आजोबांना सांगा, पाठवत नाहीत याचा राग येणं बरोबर आहे, पण अशी फौज पाठवली तर तिथल्या लोकांना खोटा दिलासा मिळेल आणि आपल्याकडच्या कुठल्यातरी घरात तार जाईल. हो, तार आता बंद झाली, पण फोन वाजला तरी बातमी तीच असते.

आणि तुमच्या घरात, नात्यात किंवा गल्लीत कुणी शांतिसेनेत जाऊन आलेलं असेल, काँगो, लेबनॉन, सुदान, कुठेही, तर या रविवारी त्यांच्याकडे चहाला जा. काका, तिथे तुम्हाला हुकूम कोण द्यायचं, एवढंच विचारा. पुढचे दोन तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

भेटूया पुढच्या लेखात. काळजी घ्या!